जीप मिसिंग मारते

गाडी मिसिंग मारायला, म्हणजे चालता चालता अडखळायला लागली की पुरुष बॉनेट उघडतात. उघडून आत काय बघतात, हे मला एवढ्या वयातही कळलेलं नाही. एक हात कमरेवर, मान जरा तिरकी, चेहरा मयताला आल्यासारखा, आणि मग एकेकानं ‘हं’ म्हणायचं. परवा माझा भाचा त्याची फोर-बाय-फोर घेऊन दारात आला. गाडी उंचीला आमच्या कंपाउंडच्या भिंतीएवढी, आणि तिनं आजवर चढलेला सर्वांत अवघड डोंगर म्हणजे गंगापूर रोडवरचा स्पीड ब्रेकर. ती अडखळत होती. भाच्यानं स्टिअरिंगखाली एक डबी खुपसली, मोबाइलवर आकडा आला, आणि हा मला शिकवायला लागला, “मावशी, तीन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. हे आता मशीनच सांगतं.” मी त्याला चहा दिला. तीन नंबरचा सिलिंडर मी त्याच्या जन्माआधी एका कोरड्या फडक्यानं आणि दोन कानांनी शोधून काढला होता, आणि तो बिघडला होता त्याच्या सख्ख्या बापाच्या कर्तबगारीनं. हे त्याला सांगितलं नाही. त्याला आवडलं नसतं, आणि त्याच्या बापाला तर त्याहून नाही. म्हणून इथे लिहिते.

आमची जीप खरी जीप होती. माझे वडील, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्त झाले तेव्हा खात्याच्या लिलावातून त्यांनी तीच जीप घेतली जिच्यात बसून त्यांनी निम्मी नोकरी केली होती. रंग शेवाळी, कापडी टप, पेट्रोलचं इंजिन, आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. निवृत्तीनंतर नाना दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये पाइपलाइन टाकून द्यायची कामं घेत. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत बैल रुतायचा, आमची जीप रुतायची नाही. आमचं घर दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या अलीकडे. तेव्हा तिथे घरं कमी आणि टोमॅटोचे वाफे जास्त होते. आईच्या स्वयंपाकघराची आणि जीपच्या पत्र्याच्या शेडची भिंत एकच होती. सकाळी नानांनी स्टार्टर मारला की फळीवरचे पितळी डबे बारीक किणकिणायला लागायचे. इंजिन तापलं की किणकिण थांबायची, आणि आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, “झालं, निघाले.” तिनं त्या जीपचं बॉनेट कधी उघडं पाहिलेलं नसेल, पण ती निघायला तयार आहे की नाही हे तिला भाकरी फुगण्याइतकं नेमकं कळायचं.

नानांना दोन मुली, मुलगा नाही. थोरली सुनंदाताई हळव्या स्वभावाची आणि हाताला वंगण लागलं तर रडणारी. त्यामुळे पाना धरायला मी. रविवारी सकाळी अंगणात गोणपाट टाकून नाना प्लग काढायचे, मी ते पॉलिश पेपरनं घासायची, आणि टोकाची फट मोजायला आम्ही करवतीच्या पात्याचा तुकडा वापरायचो. इंजिन अडखळलं तर काय करायचं हेही त्यांनीच शिकवलं. चालू इंजिनवर कोरड्या फडक्यानं एकेका प्लगची तार उपसायची आणि ऐकायचं. काम करणाऱ्या सिलिंडरची तार काढली तर इंजिन कण्हतं, आवाज खाली बसतो. ज्याची काढल्यावर इंजिनला काही फरकच पडत नाही, तोच कामचुकार. “माणसांचंही असंच हाय विजे,” नाना म्हणायचे, “ज्याच्या जाण्यानं घर अडत नाय, तो नुसता जागा अडवून बसलेला.” त्या काळी मला नानांइतका शहाणा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही असं वाटायचं. लिहिताना लाज वाटत नाही, कारण तेव्हा ते खरंच शहाणे होते.

मी डी.एड. झाले आणि सुरगाण्याच्या पुढे एका आश्रमशाळेत मला नेमणूक मिळाली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं होतं. एसटी सुरगाण्यापर्यंत जायची. पुढे कच्चा रस्ता, मध्ये एक नदी, आणि नदीवर पूल नाही. नात्यातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. एकटी पोर, डोंगरात, नागलीची भाकरी खाऊन राहणार का, वगैरे. नानांनी मात्र जेवता जेवता निकाल दिला, “जीप हाय ना. सोमवारी मी सोडीन, शनिवारी मी आणीन. जीप हाय तोवर पोरगी जाईल.” मला त्या वाक्यात फक्त ‘जाईल’ ऐकू आलं. ‘तोवर’ ऐकू यायला दसरा उजाडावा लागला.

आता दाजींबद्दल लिहायला हवं. ताईचे यजमान जयवंतराव हे मेकॅनिकल इंजिनिअर होते, आणि हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ यायची नाही. अंबडच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागात होते. खुर्च्या, पंखे, कँटीनची भांडी यांची कोटेशनं मागवायची हे त्यांचं काम, पण बोलणं असं की कारखान्यातलं प्रत्येक यंत्र त्यांना विचारूनच फिरतं. सफारीच्या खिशाला तीन पेनं लावायचे. अंगठ्या किती होत्या ते मोजवत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांच्या पाटाभोवती रांगोळी घालायची राहून गेली, एवढ्यावरून ते ताटावरून उठले होते आणि ताईला आमच्याकडेच सोडून निघून गेले होते. तिला न्यायला ते संक्रांत उलटल्यावर आले, तेही नाना दोन वेळा हातापाया पडून आल्यावर. त्या दिवसापासून आमच्या घरात दाजींच्या मताला जी किंमत आली ती देवाच्या कौलालाही नव्हती. त्यांनी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की खारट आमटीतसुद्धा मीठ पडायचं. मी हे अतिशयोक्तीनं सांगत नाही, ती आमटी मी खाल्लेली आहे.

त्या दसऱ्याला आईनं पहाटेपासून चूल पेटवली होती. पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, आणि जावयाला आवडतात म्हणून भज्यांचे तीन प्रकार. जीप मी आदल्या दिवशी धुऊन ठेवली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दरवर्षी पूजा नाना करायचे. पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, संपलं. त्या वर्षी जावई घरात, म्हणून मान जावयाचा. दाजींनी आधी शिपायाला हुकूम सोडावा तसं बॉनेट उघडायला लावलं. “नाना, चाकाची पूजा करून काय उपयोग? इंजिन हे गाडीचं हृदय असतं. पूजा हृदयाची करायची असते.” शेजारचे पगारकाका, जे निवृत्त सुभेदार होते आणि कुठल्याही गोष्टीला सलाम करायला तयार असत, ते “वा, काय विचार आहे” म्हणाले. मग दाजींनी इंजिनवर मन लावून हळदीकुंकू वाहिलं, पुढच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटला, आणि दोन्ही वाट्यांतलं पाणी तोंडानं काहीतरी पुटपुटत सगळ्या इंजिनवर ओतलं. मी नानांकडे पाहिलं. नाना हात जोडून उभे होते. चारही प्लगना करंट वाटून देणारी इंजिनवरची काळी टोपी, जिला नाना पावसाळ्यात मेणकापड बांधत, ती नारळाच्या पाण्यात नाहून चकाकत होती.

त्या दिवशी जीप सुरूच झाली नाही. दाजी म्हणाले, सणाला गाडी काढू नये असा संकेत आहे. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर सुरू झाली, पण धक धक धक फुस्स, धक धक धक फुस्स. आईचे डबे इंजिन तापल्यावरही किणकिणत राहिले. “काय झालं हिला?” आईनं भिंतीपलीकडून विचारलं. नानांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत पाहिलं आणि बंद केलं. मला वाटलं, रविवारी गोणपाट टाकून बसतील. रविवार आला आणि नाना पेपर वाचत बसले.

मग बघ्यांची रांग लागली. पगारकाकांनी पेट्रोलमध्ये पाणी आहे असं सांगितलं, कारण सैन्यात एकदा तसं झालं होतं. टाकी उपसली, अंगण पेट्रोलच्या वासानं भरून गेलं, आईला चुलीजवळ जायची चोरी झाली, आणि जीप तशीच फुस्स करत राहिली. पंचवटीतला बाळू मिस्त्री आला. त्यानं पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटून असा उभा राहिला की मला त्याच्यापुढे उदबत्ती लावावीशी वाटली. “इंजिन खोलावं लागंल,” तो म्हणाला. का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “खोलल्यावर कळंल.” सर्वांत शेवटी दाजी आले, खास रजा काढून. त्यांनी सायलेन्सरच्या धुरापुढे तळहात धरला, तो हुंगला, आणि सांगितलं, “व्हॉल्व्ह जळालाय. पिस्टनही गेलेत. नाना, ह्या इंजिनात आता राम नाही. माझ्या ओळखीचे एक बागाईतदार आहेत दिंडोरीला, ते सांगाडा घेतील आणि डिझेल इंजिन बसवतील. मी शब्द टाकतो.” बाळू मिस्त्री लगेच म्हणाला, “साहेब म्हनत्यात ते बराबर हाय.” पगारकाकांनाही आता पेट्रोलमधलं पाणी आठवेना. सगळ्यांचं एकमत इतक्या झटकन झालं की मला त्यांची दया येण्याऐवजी शिसारीच आली.

“आणि माझी शाळा?” मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले, जणू शेडमधल्या कोंबडीनं तोंड उघडलं. दाजी हसले. “अगं, गाडीच नाही तर शाळा कसली? तू इथेच एखाद्या बालवाडीत बघ. माझ्या ओळखी आहेत.”

मी नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे पाहत म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.”

आश्रमशाळेची नेमणूक पुढच्या वर्षापर्यंत कोण राखून ठेवणार होतं? हे नानांना कळत नव्हतं असं नाही. मला रडू आलं आणि रागही आला, पण तो राग तेव्हा फक्त दाजींवर होता. नाना थकले, इंजिनिअर जावयापुढे दबले, त्यांना आता सुचत नाही, असंच मी धरून चालले. मनात म्हटलं, दोष सापडला तर नाना तोंडघशी पडणार नाहीत, उलट सुटतील. सापडलेला दोष कुणाला नको असतो? आज ते वाक्य आठवलं की मला माझ्याच भाबडेपणाचं हसू येतं.

जीप काही प्रत्येक वेळी सारखी अडखळत नव्हती, हे माझ्या आधी आईच्या लक्षात आलं. चिवड्याचे पोहे उन्हात टाकताना ती म्हणाली, “सकाळी दव असतं तेव्हा डबे लय वाजतात बघ. दुपारी कमी.” जळालेल्या व्हॉल्व्हला दव काय करणार? ओल लागली की बिघडतं ते करंटचंच काम. धनत्रयोदशीच्या दुपारी पुरुष जेवून आडवे झाले. नाना ओसरीवर, पगारकाका त्यांच्या घरी, आणि दाजी, जे सणाला चार दिवस आधीच येऊन बसले होते, ते आतल्या खोलीत पंख्याखाली घोरत होते. मी शेडचं दार आतून लावून घेतलं आणि आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

“अगं मला काय येतंय ह्यातलं?” आई म्हणाली. तिच्या हाताला चकलीचं पीठ होतं.

“काही यायला नको. मी सांगितलं की हे दाबायचं. आणि आवाज बदलला की सांगायचं.”

“आवाजाचं सांगीन की.”

इंजिन सुरू केलं; रोजच्या त्या फुस्सनं आता कुणाची झोप मोडत नव्हती. पहिल्या प्लगची तार फडक्यानं उपसली. इंजिन कण्हलं. “बसला,” आई म्हणाली. दुसरी. “बसला.” तिसरी उपसली, इंजिन जसं होतं तसंच. “काढलीस का?” आईनं विचारलं. चौथी. “बसला बाई, बंद पडतंय.” म्हणजे तिसरा. इंजिन बंद करून मी तिसरा प्लग पहिल्याच्या जागी लावला, पहिला तिसऱ्याच्या. दोष हलला नाही, तिसऱ्यातच राहिला. प्लग चांगला होता. तारेची तशीच अदलाबदल केली. दोष तिथेच. तारही चांगली. आता प्लग आणि तार सोडली तर उरते ती टोपी. मी घरातलं घोंगडं आणलं, इंजिनच्या पंख्यापासून जपून उघड्या बॉनेटवर टाकलं, आणि डोकं आत घालून आईला स्टार्टर मारायला सांगितलं. घोंगड्याखालच्या अंधारात काळ्या टोपीवर, तिसऱ्या तारेच्या मुळापासून खाली लोखंडापर्यंत, एक निळी बारीक रेघ तडतडत धावत होती. प्लगपर्यंत जायचा करंट टोपीवरूनच गळत होता. मी आईला हाक मारली. आईनं पदर सावरत डोकं आत घातलं आणि म्हणाली, “अगं बया, वीज.” इंजिन बंद करून टोपी काढली. तिच्यावर नारळाचं पाणी वाळून पाकासारखं चिकट झालं होतं, त्यात हळदीकुंकू बसलं होतं, आणि त्यावरून करंटनं जाळून केसाएवढी काळी वाट पाडली होती. पेट्रोलच्या फडक्यानं टोपी पुसली, सुरीनं ती वाट खरवडून काढली, उन्हात वाळवली आणि लावली. आईनं स्टार्टर मारला. चारही सिलिंडर एका तालात बोलायला लागले. आई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि तिच्या तोंडावरचा आनंद मी पुन्हा कधी तसा पाहिला नाही.

संध्याकाळी नानांना शेडमध्ये नेऊन ऐकवलं. ते खूप वेळ ऐकत उभे राहिले. कशानं झालं होतं हे मी सांगितलं. नारळ, पाणी, टोपी, सगळं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, “हुशार हायेस. पण कुणाला बोलू नको.” मी मान डोलावली. दाजींची फजिती करायची मला हौस होती, पण शाळेपुढे ती हौस मी आनंदानं सोडून दिली असती. त्या रात्री मी ट्रंकेत साड्या रचल्या. दिवाळीत दाजींनी लाडवाला तूप कमी, करंजीला पाक जास्त, अशी मतं दिली आणि सगळ्यांनी ती ऐकून घेतली. मीही ऐकून घेतली. मला काय, मी डोंगरात निघाले होते.

भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी ते दिंडोरीचे बागाईतदार घेऊन आले. मी स्वयंपाकघरात होते. नाना त्यांच्या आधीच शेडमध्ये गेले होते. स्टार्टर वाजला, जीप सुरू झाली, डबे किणकिणले आणि थांबले. आई भाकरी थापत होती. आता नाना बाहेर येऊन पाहुण्यांना सांगतील, गाडी विकायची नाही, म्हणून मी कान लावून बसले. त्याऐवजी बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग, धक धक धक फुस्स. आईचा हात पिठावर थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डबे पुन्हा वाजायला लागले होते.

मी खिडकीशी गेले. नानांनी बॉनेट पाडलं, बोटं धोतराला पुसली आणि ते अंगणात येऊन उभे राहिले. दाजी बागाईतदाराला सांगत होते, “ऐका. हा आवाज ऐका. इंजिन संपलंय. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काय नाना?” आणि माझे वडील, ज्यांनी मला फडक्यानं तार उपसायला शिकवलं, ते म्हणाले, “तुमचं बरोबर हाय जावईबापू.”

त्या क्षणी दाजींबद्दलचा माझा राग एकदम फुकटचा वाटला. दाजी मूर्ख होते, आणि मूर्खपणाला इलाज नसतो. पण नाना जाणूनबुजून चांगलं इंजिन आजारी पाडून त्याच्याशेजारी हात जोडून उभे होते. मला त्यांची किळस आली. बापाची किळस येणं काय असतं, हे ज्याला आलं त्यालाच कळेल. मी अंगणातून तरातरा गेले, बॉनेट उचललं. तिसऱ्या प्लगची तार अर्धी उपसून ठेवली होती. पदरानं धरून ती खाली दाबली. हाताला एक झणका बसला, आणि इंजिन लगेच एका सुरात चालू लागलं.

“आता ऐका,” मी म्हटलं.

बागाईतदार गृहस्थ सरळ होते. ते पुढे आले, आत वाकले, कान दिला. “अहो, हे तर चालतंय झ्याक! डिझेल कशाला बसवायचं? अशीच नेतो मी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही मिस्त्रींच्या घरातल्या का?”

दाजींनी दोनदा घसा खाकरला. “मी म्हणतच होतो, करंटचा काहीतरी प्रॉब्लेम असावा. ढिली तार. किरकोळ गोष्ट.” ओसरीवर ताई उभी होती, पदराचं टोक दातात धरून, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत.

जीप चांगली आहे हे आता सगळ्यांना कळलं होतं. विकायचं काही कारण उरलं नव्हतं. मी नानांसमोर उभी राहून म्हटलं, “नाना, जीप चालतेय. तुम्ही म्हणाला होतात, जीप आहे तोवर मी जाईन.” नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग दाजींकडे. दाजी म्हणाले, “मी ह्यांना शब्द दिलाय नाना.” बस, एवढंच. नाना शेडमध्ये गेले, खिळ्यावरची किल्ली घेऊन आले. ती त्यांनी बागाईतदाराच्या हातात दिली नाही. दोन्ही हातांनी, विडा द्यावा तशी, ती दाजींना दिली. आणि दाजींनी पाहुण्यांना दिली. मी दुरुस्त केलेली जीप दिंडोरीच्या दिशेनं निघून गेली, आणि वळणापर्यंत एकदासुद्धा अडखळली नाही.

नंतर मी नानांना शेडमध्ये गाठलं. रिकामी शेड, जमिनीवर तेलाचे डाग.

“तुम्हाला केव्हा कळलं होतं?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी,” ते म्हणाले. खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

“मग पुसलं का नाही?”

“पुसून गाडी नीट झाली असती, तर लोकांनी विचारलं असतं, काय झालं होतं म्हणून. काय सांगणार? जावयानं पूजा केली त्यानं बिघडली?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुझ्या ताईला तिथं नांदायचंय विजे.”

“आणि मला?”

“तुझं काय, तू खमकी हायेस. तुझं होईल कसंबी.”

आजही लोक मला खमकी म्हणतात. कौतुकानंच म्हणतात, आणि मला दर वेळी त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. घरात जो खमका असतो त्याच्या वाटणीचं काढून रुसणाऱ्याच्या ताटात वाढायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे, आणि वर तिला समजूतदारपणा म्हणायचं. ताई त्या घरात नांदली, हे खरं आहे. दाजी पुढेही रुसत राहिले, हेही खरं आहे. त्यांना त्या नारळाबद्दल कुणीही कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं ती डबीवाली गाडी घेतली, तेव्हा पूजेला बॉनेट उघडायला लावलं ते दाजींनीच. मी तिथे होते. मी प्रसादाचं खोबरं घेतलं आणि गप्प बसले. नवी इंजिनं प्लॅस्टिकनं झाकलेली असतात, म्हणून त्याचं इंजिन वाचलं.

जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक ओसरीवर आणून ठेवली. निमाणी स्टँडवरून सुरगाण्याची एसटी होती, पुढे खाजगी जीपगाड्या माणसं लादून नदीपर्यंत नेतात अशी माहिती मी काढली होती. नदीत किती पाणी असतं ते तिथे गेल्यावर बघायचं ठरवलं होतं. आईनं उरलेला चिवडा आणि चकल्या एका डब्यात भरून आणल्या. जाऊ नको असं ती म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. ताई आतून आलीच नाही. दाजी खुर्चीत पेपर वाचत होते आणि पेपराआडून म्हणाले, “आठ दिवसांत परत येईल, लिहून ठेवा.”

नाना पायरीवर उभे होते. त्यांच्या पायात चपला होत्या, म्हणजे त्यांनी आधीच मनात काहीतरी ठरवलं असावं. ट्रंकेकडे बघत ते हळूच म्हणाले, “स्टँडपर्यंत येऊ का?”

“आधी दाजींना विचारा,” मी म्हटलं.

नानांनी खुर्चीकडे पाहिलं. खरंच पाहिलं. आईनंही ते पाहिलं. तिनं डबा माझ्या पिशवीत घातला, पदर कमरेला खोचला, आणि ट्रंकेची दुसरी कडी उचलली.